भागोजीचा बाजा

होड्यांना अजून इंजिनं लागली नव्हती आणि आमच्या वायंगदांड्याला पायवाटेशिवाय दुसरा रस्ता नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी गावात भागोजी नावाचा एक माणूस होता. जन्म गाबिताचा, म्हणजे समुद्रावर मासेमारी करणाऱ्यांच्या घरातला, पण होडीत पाय ठेवला की त्याला भोवळ यायची. म्हणून तो किनाऱ्यावर बसून सगळ्यांची फाटकी जाळी शिवायचा. गाबिताला समुद्र लागतो म्हणून गाव पोट धरधरून हसायचं.

एकदा रापण ओढली. रापण म्हणजे सगळ्या गावानं मिळून किनाऱ्यावर ओढायचं लांबलचक जाळं. दोराला ज्याचा हात लागला, त्याचा मासळीत वाटा. त्या दिवशी मासळीबरोबर एक माउथ ऑर्गन आला. कुठल्या बोटीवरून पडला होता देव जाणे. तो फुंकायचा बाजा कुणालाच नको होता, म्हणून भागोजीच्या वाट्यावर टाकला, आणि वर त्याची मासळी तेवढी कमी केली. असं आमचं गाव.

असं म्हणतात, की त्या बाज्यातून दुसऱ्याची चाल कधी निघालीच नाही. ऊन असो की धुकं, भागोजी वाळूवर बसून भजनाची चाल धरायचा, पण थोडं पुढे गेलं की ती आपोआप वळायची आणि कुणीच कधी न ऐकलेली होऊन बसायची. लोकांना ओळखीचं हवं असायचं. ते घटकाभर थांबत, एखादं नाटकातलं पद येईल म्हणून वाट बघत, आणि निघून जात. भागोजी बाजा खाली घेऊन जाणाऱ्याच्या पाठीला विचारायचा, "ऐकलास?"

मागे वळून कुणी उत्तर दिल्याचं कुणाला आठवत नाही.

पुढे तालुक्याला गाण्याच्या तबकड्या काढणारा एक माणूस आवाज उचलणारं यंत्र घेऊन आला. भागोजी डोंगर चढून उतरून तिथवर चालत गेला. "लोकांच्या ओळखीचं काहीतरी वाजव," तो माणूस म्हणाला. भागोजीनं आपलीच चाल वाजवली, कारण दुसरी त्याच्याकडे नव्हती. वाजवून झालं आणि सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "ऐकलास?" यंत्रानं तेही उचललं.

तबकड्या खपल्या नाहीत. त्यांचा गठ्ठा भागोजीकडे परत आला, तेव्हा त्यानं त्या घरोघर नुसत्याच वाटल्या. गावात तबकडी वाजवायचा फोनो एकच, चहावाल्या बाबल्याकडे. तो म्हणाला, "ही लावलंय तर गिऱ्हाईक उठान जाता." मग कुणी तबकडी परसात चिमण्या हाकायला टांगली, कुणी मुलांना खेळायला दिली. होडी हाकणाऱ्या नारबा तांडेलाच्या बायकोनं, शेवंतीनं, ती पाण्याच्या हंड्यावर झाकण म्हणून ठेवली. भागोजी तिच्याकडे पाणी प्यायला गेला, तेव्हा त्यानं स्वतःच्या हातानं ते झाकण उचललं आणि पाणी पिऊन पुन्हा नीट ठेवलं.

त्यानंतर एका सकाळी सगळी जाळी शिवून घडी घालून ठेवलेली होती आणि भागोजी नव्हता. कुणी त्याला शोधलंही नाही.

मग थंडीत धुकं आलं. असं म्हणतात, की तसं धुकं आधी पडलं नव्हतं आणि नंतरही नाही. हातातलं वल्हं दिसेना. होड्या पहाटेच समुद्रात गेल्या होत्या, आणि आमच्या किनाऱ्याच्या दोन्ही अंगांना खडक. गावानं देवळाची घंटा बडवली, ढोल वाजवले. पण शेजारच्या गावांनीही तेच केलं. घंटा सगळ्यांच्या सारख्याच. समुद्रावर नारबाला चहूकडून घंटा ऐकू येत होत्या, पण आपली कुठली ते कळेना.

किनाऱ्यावर शेवंती उभी होती. ती एकदम म्हणाली, "आज कायतरी उणा आसा. धुक्याच्या दिवशी हय बाजो वाजायचो."

आणि तिला कळलं. इतकी वर्षं धुक्यातून होड्या सुखरूप यायच्या, त्या तांडेलांच्या हुशारीनं नव्हे. ती चाल जगात फक्त ह्याच वाळूवर वाजायची, म्हणून.

ती घरी धावली, हंड्यावरची तबकडी पदरानं पुसली आणि बाबल्याचा फोनो वाळूवर आणून त्यावर ठेवली. "घंटा बंद करा!" ती ओरडली. "ढोल बंद करा! गप ऱ्हवा सगळे!"

फोनोचा आवाज तो केवढासा. पण असं म्हणतात, की त्या दिवशी ती चाल लाटांवरून चालत गेली. नारबा होडीत उठून उभा राहिला. "अरे, हो भागोजीचो बाजो! आपलो किनारो थंय आसा!" एकेक होडी धुक्यातून बाहेर आली.

शेवटची होडी वाळूला लागेपर्यंत शेवंती सुई पुन्हा पुन्हा मागे नेत राहिली, मग तिनं तबकडी संपू दिली. खरखर झाली आणि भागोजीनं विचारलं, "ऐकलास?"

शेवंती रडतच म्हणाली, "ऐकला रे, भागोजी, ऐकला."

त्याला शोधायला माणसं पार घाटमाथ्यापर्यंत जाऊन आली. तो सापडला नाही.

आता होड्यांवर वाट दाखवणारी यंत्रं आहेत. तरीही वर्षातलं पहिलं धुकं पडलं, की वायंगदांड्यात इंजिनं, टीव्ही, सगळं बंद होतं. रापणीतला एक वाटा वाळूवर त्याच्यासाठी ठेवतात, पुरा, काही कमी न करता. देवळाच्या कर्ण्यावर ती चाल लावतात. शेवटी तो विचारतो, आणि म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळा किनारा उत्तर देतो, "ऐकला रे, भागोजी!"

मग बराच वेळ कुणी हलत नाही. तो कुठे असेल, तिथवर आवाज पोचायला वेळ द्यायला हवा.