उडालेली रांगोळी

“टायटलमध्ये ज्याचा हात दिसतो, त्याचं नाव टायटलमध्ये येत नाही. आणि का, ते विचारायचं नाही,” अण्णा म्हणाले.

“का?” मिथिलाने विचारलं.

अण्णा हसले नाहीत.

अण्णा मुळीकांनी एकेकाळी टीव्हीवरच्या एका मालिकेचं टायटल रांगोळीने केलं होतं. काळ्या फरशीवर बाईचा हात चिमूट सोडत जातो आणि घर उभं राहतं... उंबरा, खिडकी, तुळस. दर चिमटीला एक फोटो घेऊन जोडलेला. लहानपणी ते पाहूनच मिथिला पुढे मोशन ग्राफिक्स शिकली. आता तीच मालिका नव्याने येणार होती. नवं टायटल मिथिलाकडे आलं होतं; तिचं पहिलंच काम. जुन्यातला हात तिने कॉम्प्युटरवर जसाच्या तसा गिरवला होता आणि तो दाखवायला ती कोल्हापूरला, अण्णांच्या घरी आली होती. निर्माते भाऊसाहेब आधीच येऊन बसले होते.

लॅपटॉपवर घर उभं राहू लागलं. खिडकी उमटू लागली तसे अण्णा पुढे वाकले.

“इथे रांगोळी उडायची.”

“ती चूक होती, अण्णा. मी काढून टाकली.”

“चूक...”

“कोपरा विस्कटत होता. कुणीतरी शिंकलं असणार.”

“खोकला आला तिला. रांगोळीपाशी श्वास रोखून बसायचं असतं. तेवढं एकदाच जमलं नाही.”

“कुणाला?”

अण्णांनी भिंतीकडे पाहिलं. हार घातलेला त्यांच्या बायकोचा फोटो होता तिथे.

“टायटल टीव्हीवर लागलं, तेव्हा ती नव्हती.”

मग मिथिलाने लॅपटॉप ओढला. विस्कटलेला कोपरा परत बसवला. त्याखाली टाइप केलं : रांगोळी आणि हात... आणि ती थांबली.

“ए पोरी, काय चाललंय?” भाऊसाहेब म्हणाले. “संध्याकाळी चॅनेलला द्यायचंय ते. हाताला नाव दिलं, तर उद्या चहा करणाराही नाव मागेल.”

“द्या मग त्यालाही.”

“अण्णा, ही तुमची शिष्या?”

“मी कुठे म्हटलं तसं,” अण्णा पुटपुटले.

“भाऊसाहेब, पंचवीस माणसांची नावं ज्या हातावरून सरकतात, तो हात कुणाचा, हे सांगायला लाज कसली?”

“लाज नाही गं, पद्धत आहे. बरं, तुझ्या मनासारखं होऊ दे. टाक, सौ. मुळीक.”

“नाही.”

“आता काय?”

“ते अण्णांचं नाव झालं. तिचं सांगा.”

“सुमती,” अण्णा म्हणाले.

“ते लग्नात तांदळाच्या ताटात तुम्ही लिहिलेलं. त्याच्या आधीचं?”



“ते चालणार नाही,” भाऊसाहेब म्हणाले. “कागदोपत्री जे असेल तेच जाईल. नाहीतर काम दुसऱ्याला देतो.”

“द्या. पण हा हात तसा जाणार नाही. मी पाठवणार नाही.”

तिने लॅपटॉप मिटला.

भाऊसाहेबांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी फोटोकडे.

मग अण्णा उठले. फडताळातून पितळी ताट आणलं, त्यात डब्यातली रांगोळी पसरली, तळहाताने सारखी केली. बोट टेकवलं. बोट हललंच नाही...

हललं तेव्हा दोनच अक्षरं उमटली.

हौसा.

भाऊसाहेब चष्मा सावरत ताटावर वाकले. “ही हौसा कोण?”

“श्वास रोख, भाऊ,” अण्णा म्हणाले. “उडेल.”