पालीची साक्ष

प्राणी परीक्षा देऊन शिकायला जात, त्या काळातली ही गोष्ट. रानातल्या विद्यापीठाचा कारभार बोकोबा पाहायचा. त्याच्या खुर्चीमागे आचारसंहितेची भलीमोठी पाटी होती: 'नातलगांना झुकतं माप देऊ नये.' त्या पाटीमागे चिमी पाल राहायची.

पाल चुकचुकली की बोलणं खरं, असं सगळे मानत. म्हणून बोकोबा तिला रोज दिव्यावरचे लठ्ठ पतंग चारायचा. "सगळं पाटीप्रमाणेच चालतं," असं तो म्हणायचा, चिमी "चुक चुक" करायची आणि तक्रार घेऊन आलेले मुकाट्याने घरी जायचे. चिमीला त्यात काही वावगं वाटत नसे. पतंग फारच चविष्ट असत.

पण यंदा पहिल्या आलेल्या खारीला प्रवेश मिळाला नाही आणि नापास झालेला बोकोबाचा भाचा आत शिरला. खार पाटीखाली बसून रडली. त्या दिवशी चिमीच्या घशाखाली पतंग उतरेना.

खारीची तक्रार ऐकून कुलपती हत्ती स्वतः चौकशीला आले.

"महाराज, सगळं पाटीप्रमाणेच चालतं," बोकोबा म्हणाला आणि कान टवकारून थांबला. चिमी गप्प. त्याने तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं. चिमी आपली शेपटी न्याहाळत बसली.

गर्रकन वळून बोकोबा ओरडला, "अगं बये, बोल की! भाच्याला आत घेतल्यापासून दुप्पट पतंग चारतोय तुला, ते काय उगाच?"

"चुक चुक!" चिमी म्हणाली.