पानाची डावी बाजू

एका राज्यात अन्न उदंड होते आणि माणसे मरत होती. कोठारे भरलेली, चुली पेटलेल्या, ताटांत भाताचे डोंगर. तरी खाल्लेले अंगी लागत नव्हते. ओठ पांढरे पडत, बाळंतिणी अंथरुणातून उठत नसत.

हे सारे राजा धवलकेतूच्या एका हसण्यामुळे झाले होते. राज्याभिषेकाच्या पंगतीत एका म्हातारीने वाढप्याला हाक मारली होती, "अरे लेका, माझ्या पानात डावीकडे काहीच नाही. लिंबाची फोड तरी वाढ."

राजा हसला. "आजी, उजवीकडे जिलब्यांची रास आहे, आणि तुम्ही फोडीसाठी अडून बसलात? असल्या क्षुल्लक गोष्टीला राजाच्या पंगतीत कोण विचारतो?"

सगळी पंगत हसली. म्हातारी चेटकीण होती. ती भरल्या पानावरून उठली. "क्षुल्लक ना? मग जाऊ दे ते."

त्याच क्षणी राज्यातल्या प्रत्येक पानाची डावी बाजू रिकामी झाली. लिंबे दगडाची झाली, तिळाची माती झाली, मिरी वेलींसकट उडून गेली.

वर्षे गेली. राणी हेमकला अंथरुणाला खिळली. वैद्य म्हणाले, "पालेभाजी दुप्पट द्या."

राजकन्या इरावती उसळून म्हणाली, "शून्याची दुप्पट किती होते, वैद्यराज?"

खिडकीत भारद्वाज पक्षी बसला होता. तो बोलला, "राजकन्ये, पाल्यातलं लोह लिंबाच्या रसाशिवाय रक्तात नीट उतरत नाही. हळदीला मिरी लागते. भाकरीला तिळाची चटणी लागते."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलं नाही. सगळे 'आणखी वाढा' एवढंच म्हणत होते."

इरावती पक्ष्यामागे निघाली. मिरी एका नागाच्या फण्याखाली होती. नागाने तिचे हसू मागितले, तिने दिले. तीळ तळ्याच्या तळाशी होते. तळ्याने तिच्या केसांचा काळा रंग मागितला, तिने दिला. पांढरी वेणी घेऊन ती दगडी लिंबांच्या बागेत पोचली. तिथे चेटकीण बसली होती.

"दोन कामं तुझी होती, पोरी. तिसरं बापाचं. जो हसला त्यानं मागावं, पंगतीत बसून."

इरावती धावत परतली.

"राजाने एका फोडीसाठी हात पसरायचा?" धवलकेतू म्हणाला.

"आई चालली आहे, बाबा."

"प्रधानांशी बोलतो."

प्रधान बोलत बसले. एक म्हणाला, दूत पाठवू. दुसरा म्हणाला, सोन्याचे लिंबू भेट देऊ. न मागता कसे मागावे, यावर दिवस कलला. इरावती दरबारात आली. "तुम्ही मुहूर्त बघा. मी सरण रचायला सांगते."

तेव्हा राजा उठला. अंगणात पंगत मांडली गेली. राजा शेवटच्या पाटावर बसला. चेटकीण समोर उभी राहिली.

"आजी," तो म्हणाला, "माझ्या पानात डावीकडे काही नाही. फोड वाढा."

बागेतले दगड पिवळे झाले. वाऱ्यावर लिंबाचा वास आला. चेटकिणीने फोड वाढली आणि ती निघून गेली.

राजा पान घेऊन राणीच्या महालात धावला. त्याने भाजीवर लिंबू पिळले. "हेमकले, घास घे."

इरावती उशाशी बसली होती. "पान खाली ठेवा, बाबा. आई मघाशीच गेली."

शाप सुटला. ओठांवर रंग आला, बाळंतिणी उठून चालू लागल्या. इरावतीचे हसू मात्र नागापाशीच राहिले.

तेव्हापासून त्या राज्यात पान वाढताना आधी मीठ, लिंबू, चटणी वाढतात; भात नंतर येतो. राजा फोडींची वाटी घेऊन स्वतः पंगतीतून फिरे. कुणी हसत नसे. शेवटच्या पानाशी हेमकलेचा पाट रिकामा असे. राजा तिथे वाके, डाव्या बाजूला एक फोड ठेवी, आणि पंगत जेवून उठेपर्यंत तिथेच उभा राही.