रिकाम्या सीटांचा जाब

साथीच्या दिवसांत नर्सना सरकारी दवाखान्यात पोचवणारी एकच बस उरली होती, नऊ नंबरची. परिवहन समितीचे सभापती इंगवले तिचाही निधी कापायला निघाले, तेव्हा कंडक्टर कुंदा सोनटक्के थेट सभेत जाऊन थडकली.

"बाई, तुमची बस अर्धी रिकामी धावते. रिकाम्या सीटा शहरानं का पोसायच्या?" सभापती गरजले.

कुंदाने सभागृहभर नजर फिरवली. इथंही एकाआड एक खुर्चीवर फुली मारलेली होती.

"साहेब, एक सीट सोडून बसवायचा हुकूम तुमचाच. त्याच हुकमानं इथल्याही अर्ध्या खुर्च्या रिकाम्या आहेत. मग टाळं आधी कुठं लावू या, बसला की सभागृहाला?"

सभापतींच्याच पक्षाच्या सदस्यांनी बाकं वाजवली. इंगवल्यांनी बसचा निधी चालू ठेवण्याच्या कागदावर सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीच्या नर्स दवाखान्यात वेळेवर हजर होत्या.