नदीला दिलेला रुपया

एक होता राजा. त्याला काही म्हणजे काही कमी नव्हतं, म्हणून एके दिवशी त्याला वाटलं, आपल्याला चांदीचा झोपाळा हवा. पाट चांदीचा, कड्या चांदीच्या, साखळ्यासुद्धा चांदीच्या. आता राजाच्या मनात आलं, मग कोण नाही म्हणणार?

सुमे, पाय आखड आधी. आणि दोघंही हूं म्हणत राहा, मी भिंतीला गोष्ट सांगत नाहीये.

तर झोपाळा झाला. राजा झोके घ्यायला लागला. मग खजिनदार आला आणि हात जोडून म्हणाला, "महाराज, रुपये पाडायला चांदीच उरली नाही." राजानं झोका काही थांबवला नाही. म्हणाला, "शिसं आहे ना? मग शिसं घाला." झालं. टांकसाळीत शिशाचे रुपये पाडले, वरून चांदीचं पाणी दिलं, राजाचा शिक्का मारला. दिसायला अस्से झकास. पण बंदा रुपया कसा, दगडावर टाकला की खण्ण वाजतो. हा मेला बद्द वाजायचा. मग राजानं दवंडी पिटवली, की जो कुणी राजाच्या रुपयाला खोटा म्हणेल त्याचा हात तोडू.

मग काय. खोटा कुणी म्हणेना आणि घरात कुणी ठेवीना. ज्याच्याजवळ खरे रुपये होते त्यानं ते गाडग्यात घालून चुलीखाली पुरले, आणि खोटे दुसऱ्याच्या गळ्यात मारायला निघाला. अशा कामात माणसाचं डोकं फार चालतं, बरं का. कुणी सकाळी दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभा राही. कारण पहिली भवानी. पहिलं गिऱ्हाईक परत लावायचं नाही आणि पहिलं नाणं वाजवून बघायचं नाही, डोळ्यांना लावून गल्ल्यात टाकायचं. तेवढ्यात आपला खोटा खपवायचा. कुणी लग्नात आहेर करी. नवऱ्या मुलाच्या हातावर ठेवलेला रुपया भर मांडवात कोण वाजवणार? आणि कुणी देवापुढच्या ताटात टाकी. देव बिचारा बोलत नाही, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक.

एवढं करूनही जे उरत ते नदीला.

त्या नगरीला लागून कासवी नावाची नदी होती. पूल नव्हता. राही नावाची एक बाई होडी चालवायची आणि लोकांना अल्याडपल्याड करायची. नवरा वारला होता. पदरात एक सहा वर्षांची पोर, तिचं नाव चंद्री. पोर आईबरोबर होडीतच असायची. आणि तिथली रीत अशी होती, की ज्याचं काम फत्ते झालं, मूल झालं म्हणा, सोयरीक जमली म्हणा, त्यानं होडी मधल्या धारेला आली की नदीला एक रुपया द्यायचा. पूर्वी खरे देत. आता लोक खोटे द्यायला लागले. डोळे मिटून, हात जोडून, अगदी भक्तिभावानं. नदीला कुठं कळतंय?

राहीला कळायचं. खरा रुपया पाण्यात तिरका तरंगत जातो, शिशाचा धोंड्यासारखा जातो. वीस वर्षं वल्हं मारलेली बाई ती. पण बोलणार कोण? हात तुटला तर वल्हं कशानं मारायचं? ती मान खाली घालून होडी हाकायची.

आता नदीच्या डोहात साती आसरा राहतात. सात बहिणी, पाण्याच्या देवता. सहा जणी समजूतदार, सातवी धाकटी, ती तिरसट. तिनं वर्षभर शिसं सोसलं. मग एक दिवस भर दुपारी, होडी मधल्या धारेला असताना, पाण्यातून हिरव्या बांगड्यांचा हात वर आला, त्यानं चंद्रीचं मनगट धरलं आणि बुडुक. पोर गेली. रडायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

घाबरू नका. पोर मरत नाही. पुढं ऐका.

राहीनं उडी टाकली. डोहाच्या तळाशी धाकटी आसरा बसली होती, मांडीवर चंद्री, आणि भोवती शिशाच्या रुपयांचा हा ढीग. राही म्हणाली, "आई, मी कधी तुला खोटा रुपया दिला नाही गं. माझीच पोर का?"

आसरा म्हणाली, "टाकणारे टाकून घरी गेले. तू रोज बघितलंस आणि वल्हं मारलंस. आता मला एक खरा रुपया आणून दे. एकच. मागून आण, पण चोरून आणू नकोस. तिसऱ्या दिवशी सूर्य बुडाला की पोर माझी."

एकच रुपया. राहीला वाटलं, एवढी मोठी नगरी, एक रुपया मिळणार नाही होय?

मग ती गेली दामाशेट सराफाकडे. त्याच्या चुलीखाली सात गाडगी पुरलेली होती, सगळ्या गावाला ठाऊक. दामाशेटनं सगळं ऐकलं, डोळ्यांना उपरणं लावलं. "अरेरे, लेकराचा प्रश्न आहे," म्हणाला. आत गेला, रुपया आणला, तिच्या ओंजळीत टाकला. "दान म्हणून देतोय हो, परत करू नकोस." आता धर्माच्या गाईचे दात कुणी मोजतं का? दिलेलं दान कुणी दगडावर आपटून बघतं का? आपल्यात नाहीच तशी रीत. राहीनं त्याच्या पाया पडून तो रुपया घेतला, पळत होडीत गेली आणि मधल्या धारेला टाकला. धोंड्यासारखा गेला. खालून पोरीचा आवाज आला, "आई, मला भूक लागलीय."

राही तिथंच बसून रडली. पण रडून भागतंय का? दुसऱ्या दिवशी ती देवळात गेली. तिथला पुजारी, विसोबा नाव त्याचं, फार मोठा धार्मिक माणूस. दिवसातून तीनदा आंघोळ. देवाच्या तळघरात जुने खरे रुपये पोत्यांनी भरलेले. विसोबा म्हणाला, "देवाच्या ताटातलाच देतो बाई. देवाचा प्रसाद तो." ताटातला म्हटल्यावर तिथं काय असणार, सांगा बरं. लोकांनी टाकलेलं शिसंच की. विसोबाला ते ठाऊक नव्हतं, असं मी म्हणणार नाही. राहीनं प्रसाद कपाळाला लावला. प्रसाद तरी कोण वाजवून बघतं? नदीत टाकला, तोही धोंड्यासारखा गेला. खालून चंद्री म्हणाली, "आई, आणलास?" आवाज फार बारीक झाला होता.

ऐकताय ना? हूं.

मग तिसऱ्या दिवशी राही गेली थेट राजाकडे. राजा झोपाळ्यावर बसला होता. राही म्हणाली, "महाराज, एक रुपया द्या. नदी म्हणते, खरा पाहिजे." प्रधान छताकडं बघायला लागला. राजा मात्र हसला. त्यानं स्वतःच्या हातानं कमरेची पिशवी सोडली, एक कोरा करकरीत रुपया काढला आणि म्हणाला, "यावर माझा शिक्का आहे. याहून खरं काय असतं? नदीला सांग, राजानं दिलाय." आणि पुन्हा झोका घेतला. चांदीच्या झोपाळ्यावर बसून एक चांदीचा रुपया देववला नाही मेल्याला.

राही पळत घाटावर आली. सूर्य खाली आला होता. पायऱ्यांवर शेवाळ, तिचा पाय घसरला, आणि हातातला रुपया दगडावर पडला.

बद्द.

तिनं ऐकलं, बरं का. कुणी शेजारी नव्हतं, वारा नव्हता, चांगलं स्वच्छ ऐकलं. ती खाली वाकून त्या रुपयाकडं बघत राहिली. मग तिनं तो उचलला. पदरानं पुसला. मनात म्हणाली, खपेल कदाचित. उजेड कमी झालाय. आसरेचं लक्ष नसेल. एवढे सगळे खपवतात, माझा एक नाही खपायचा?

मी तिला नावं ठेवणार नाही. तुमची आई असती तर तिनं काय केलं असतं, कुणास ठाऊक. मी काय केलं असतं, तेही मला ठाऊक नाही.

राही होडी घेऊन मधल्या धारेला गेली. डोळे मिटले, हात जोडले, आणि रुपया सोडला. या वेळी खालून आवाजच आला नाही. आसराच वर आली. केस मोकळे, डोळे लालभडक. म्हणाली, "पहिला सराफाचा होता. दुसरा पुजाऱ्याचा. तिसरा राजाचा नव्हे, तिसरा तुझा. सूर्य बुडायला अजून हातभर अवकाश आहे. बघ काय करतेस." आणि पाण्यात गेली.

राही घाटावर येऊन मटकन बसली. तेवढ्यात वरच्या पायरीवरून कुणीतरी म्हणालं, "मघाशी बद्द वाजलं. तू ऐकलंस. मीपण ऐकलं."

ती होती तान्हूबाई. घाटावर वाती विकणारी आंधळी म्हातारी. तिला दिसत नव्हतं, म्हणून ती प्रत्येक नाणं दगडावर वाजवूनच घ्यायची. भवानीचं नाणं असो नाहीतर दानाचं असो. गावातले लोक तिला अवदसा म्हणत, तोंडाळ म्हणत. तिच्याकडं गिऱ्हाईक फिरकेना. दोन दोन दिवस उपाशी राहायची, पण खोटं नाणं घेत नसे.

तान्हूबाई म्हणाली, "माझ्या कनवटीला एक बंदा रुपया आहे. माझ्या कफनाचा आणि लाकडांचा."

राहीनं तिचे पाय धरले. "आजी, द्या मला. पाया पडते."

"मागू नकोस," म्हातारी म्हणाली. "मागून आणलेलं कुणी वाजवत नाही, म्हणून ही पाळी आली तुझ्यावर. विकत घे."

"माझ्याजवळ काय आहे देण्यासारखं?"

"मी मेले की तू मला पलीकडच्या काठावर नेऊन जाळायचं. अंगावर धड कापड घालायचं. या गावावर मला सोडायचं नाही. जमेल?"

"वचन देते, आजी."

म्हातारीनं कनवटीची गाठ सोडली. मग म्हणाली, "वचन वाजवून बघता येत नाही, एवढीच पंचाईत आहे. हं, घे. पण आधी टाक दगडावर." राहीनं टाकला. खण्ण. सगळ्या घाटावर घुमला आवाज. वर्षभरात त्या नगरीत कुणी तो आवाज ऐकला नव्हता. माणसं दारात येऊन बघायला लागली, हा कुणाचा रुपया म्हणून.

राहीनं होडी कशी नेली, तिचं तिला ठाऊक. सूर्याची शेवटची कड राहिली होती. रुपया तिरका तिरका तरंगत खाली गेला, आणि चंद्री वर आली. ओलीचिंब, जिवंत. राहीनं तिला छातीशी धरलं. आणि मागोमाग नदीनं सगळं शिसं ओकून टाकलं. घाटाच्या पायऱ्यांवर खोट्या रुपयांचा खच पडला, गुडघाभर.

राहीला वाटलं, आता यांना लाज वाटेल. आता दामाशेट येईल, विसोबा येईल, मान खाली घालतील. आले की सगळे. दुसऱ्या दिवशी सकाळी आले. पाट्या घेऊन आले, पोती घेऊन आले. ज्याला जेवढे उचलता येतील तेवढे त्यानं उचलले. नदीनं घासूनपुसून दिलेत म्हणाले, छान उजळलेत. आणि दुकानं उघडायच्या वेळेला बाजारात जाऊन उभे राहिले.

मग राजा सुखात झोके घेत राहिला. दामाशेटची सात गाडग्यांची नऊ झाली. विसोबानं देवळाला कळस चढवला. तान्हूबाई दोन वर्षांनी वारली. राहीनं तिला नव्या पातळात गुंडाळून पलीकडच्या काठावर नेलं आणि शब्द पाळला. सगळे आपापल्या जागी सुखात नांदले. झाली गोष्ट.

काय रे मुकुंदा, अजून जागा? चंद्रीचं काय झालं म्हणतोस?

नदीतून आली त्या संध्याकाळी चंद्री चुलीपुढं बसली. राहीनं चूल पेटवली, भाकरी केली, तूप लावून पोरीच्या हातात दिली. तीन दिवसांची उपाशी पोर. तिनं भाकरी घेतली, बाहेर गेली, आणि पायरीच्या दगडावर आपटून बघितली. कान लावून.

राही म्हणाली, "अगं, हे काय करतेस?"

चंद्री म्हणाली, "आई, तिसरा रुपया टाकलास ना, तेव्हा मी खालून बघत होते. तू डोळे मिटले होतेस."

राहीनं ती भाकरी पोरीच्या हातातून घेतली, आपल्या हातानं दगडावर वाजवली, आणि मग परत दिली. तेव्हा कुठं पोरीनं घास घेतला. त्या दिवसापासून रोज तसंच. आई वाजवायची, मग लेक खायची. भाकरी वाजवायची, पेरू वाजवायचा, दुधाचा पेला वाजवायचा. कुणाशी भांडण नाही, रुसवा नाही. मुकाट्यानं दोघी.

किती वर्षं? ते मला माहीत नाही. मला ज्यांनी सांगितली त्यांनी इथवरच सांगितली, आणि मी तुम्हाला खोटं कशाला सांगू. चला, डोळे मिटा आता. सुमे, तू तर कधीच झोपलीस वाटतं. मुकुंदा, पांघरूण घे गळ्यापर्यंत.