एकदाच टोचलं

तारेची कुंपणं आली नव्हती, तेव्हा एका परसात बारा कोंबड्या होत्या. एके दिवशी बाभळीच्या काट्याने पिवळीची पाठ ओरखडली. लाल ठिपका दिसताच सगळ्या तिला टोचू लागल्या. उकिरड्यावरून परतलेल्या म्हाताऱ्या काबरीने पाहिलं, तर पिवळीची पाठ सोलून निघाली होती. काबरीचं डोकं भणभणलं. पंख फुलवून ती मध्ये घुसली.

"कुणी केलं हे?"

"मी एकदाच टोचलं," तुरेवाली म्हणाली. मग प्रत्येकीने तेच सांगितलं.

"एकदाच!" काबरी कडाडली. "अगं, तुम्ही दहाजणी! तिने दहा वेळा सोसलं!"

घरधनिणीने हळद लावून पिवळीला डालग्याखाली झाकलं. नवी पिसं फुटेपर्यंत काबरीने एकीलाही डालग्याजवळ फिरकू दिलं नाही.