बुटुकशी कुणी खेळेना

समुद्र होता मोठ्ठा. किनारा होता लांबच लांब. आणि खेकडा होता एवढुस्सा! त्याचं नाव बुटुक.

बुटुक रोज दादाशी खेळायचा. आज दादा गेला मोठ्या खेकड्यांबरोबर पोहायला. बुटुक राहिला एकटा. त्याला आलं रडू.

बुटुक निघाला. तुरतुर तुरतुर, आडवा आडवा. खेकडाच तो, सरळ कसा चालेल?

आई बीळ उकरत होती.

"आई आई, खेळ ना गं! माझ्याशी कुणी खेळेना!"

आई म्हणाली, "थांब रे राजा! वाळू कोरडी. बीळ सारखं ढासळतंय. लाट येऊ दे, वाळू भिजू दे, बीळ होऊ दे. मग खेळते."

बुटुक निघाला. तुरतुर तुरतुर, आडवा आडवा.

लाट दूर पहुडली होती.

"लाटे लाटे, ये ना गं! वाळू भिजेना, आईचं बीळ होईना, माझ्याशी कुणी खेळेना!"

लाट म्हणाली, "इतक्या लांब? मी नाही बाई येत! वारा ढकलेल, तर येईन."

बुटुक निघाला. तुरतुर तुरतुर, आडवा आडवा.

वारा माडाखाली झोपला होता. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

"वारोबा वारोबा, ऊठ ना रे! लाट येईना, वाळू भिजेना, आईचं बीळ होईना, माझ्याशी कुणी खेळेना!"

वाऱ्याने एक डोळा उघडला. "माड झावळ्या हलवेल, तर उठेन." आणि डोळा मिटला. घुर्र घुर्र.

माड तर शेजारीच होता. बुटुकने मान वर केली. वर, वर, आणखी वर. आणि धप्पकन पाठीवर पडला!

"माडआजोबा, माडआजोबा, हला ना हो! वारा उठेना, लाट येईना, वाळू भिजेना, आईचं बीळ होईना, माझ्याशी कुणी खेळेना!"

माड म्हणाला, "कसा हलू बाळा? पाठीला सुटलीये खाज! खारूताई खाजवेल, तर हलेन."

बुटुक निघाला. तुरतुर तुरतुर, आडवा आडवा.

खारूताई एक करवंटी लोटत होती. गडगड गडगड, गडगड गडगड.

"खारूताई, खारूताई, खाजव ना गं! माड हलेना, वारा उठेना, लाट येईना, वाळू भिजेना, आईचं बीळ होईना, माझ्याशी कुणी खेळेना!"

खारूताई म्हणाली, "थांब, मी खेळतेय. खेळ संपला की खाजवीन."

"कुणाशी खेळतेस?"

"करवंटीशी."

"करवंटी बोलते?"

"छे! तिचंही मीच बोलते."

आणि गेली की! गडगड गडगड.

आता काय करायचं? बुटुक बसला रुसून. नांगीने वाळू टोकरली. वाळूची गोळी केली. गोळी फुटली. भुस्स!

आणखी एक केली. भुस्स!

मग बुटुकने तोंडातून फेस काढला. बुडबुड बुडबुड. फेसात वाळू कालवली. गोळी केली. गोळी राहिली की!

"ही आई," बुटुक म्हणाला. दुसरी गोळी केली. "हा दादा." तिसरी केली, अगदी चिमुकली. "हा मी!"

गोळीआई म्हणाली, "जेवायला चला!"

गोळीदादा म्हणाला, "नाही येत ज्जा!"

गोळीबुटुक म्हणाला, "मी शहाणा! मी जेवतो!"

बुटुक खुदकन हसला. आणि खेळत बसला.

इकडे खारूताईचा खेळ संपला. ती सरसर माडावर चढली. खर्र खर्र पाठ खाजवली.

माड हलला. सळसळ सळसळ!

वारा उठला. सूं सूं, सूं सूं!

लाट आली. फस्स्स!

वाळू भिजली. पच् पच्!

आईचं बीळ झालं. आई धावत आली. तुरतुर तुरतुर, आडवी आडवी.

"बुटुक, ए बुटुक! चल, खेळू या!"

बुटुकने मान वर केली नाही.

"थांब गं आई. गोळीदादा जेवत नाहीये."

आई थांबली. "आता खेळू या?"

"थांब गं! त्याने एकच घास खाल्लाय."

आई शेजारी बसली. खारूताई माडावरून उतरून बसली. माड वाकून बघू लागला. वाऱ्याने श्वास रोखला. लाट आली, आणि गोळ्यांच्या अलीकडे थबकली. एवढुशा बुटुकसाठी एवढे मोठे सगळे थांबले! बुटुकला काय मजा वाटली म्हणून सांगू!

त्याने आणखी थोडं खेळून घेतलं. अगदी पोटभर. मग गोळीदादा उचलला आणि आईच्या नांगीत ठेवला.

"घे. आता तू दादा हो. आणि जेव मुकाट्याने!"

आई काय म्हणाली असेल?

आई ओरडली, "नाही येत ज्जा!"

गोष्ट आमची वाळूत निजली,
ऐकणाऱ्यांची पावलं भिजली!